साकुराजिमाचा शिलालेख आणि ज्वालामुखीच्या भाकिताचा प्रश्न

१

जपानच्या दक्षिणेकडील क्यूशू बेटावर कागोशिमा हे शहर आहे. शहरासमोरच्या उपसागरात साकुराजिमा हा जागृत ज्वालामुखी उभा आहे. १२ जानेवारी १९१४ रोजी सकाळी दहाच्या सुमारास प्रथम त्याच्या पश्चिमेकडील आणि थोड्याच वेळात पूर्वेकडील उतारावर स्फोट झाला. विसाव्या शतकात जपानमध्ये झालेल्या उद्रेकांत हा सर्वांत मोठा गणला जातो. त्यातून वाहिलेल्या लाव्हाने बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधील सामुद्रधुनी बुजवून टाकली, आणि तेव्हापासून साकुराजिमा हे खऱ्या अर्थाने बेट राहिले नाही. उद्रेक आणि त्याच दिवशी सायंकाळी झालेला मोठा भूकंप यांत मिळून ५८ माणसे मृत अथवा बेपत्ता झाली.

या घटनेला दहा वर्षे झाल्यावर, १९२४ साली, हिगाशी-साकुराजिमा या गावाने शाळेच्या आवारात एक शिलालेख उभारला. त्याचा आशय थोडक्यात असा: उद्रेकापूर्वी भूकंप होत होते, कडे कोसळत होते आणि किनाऱ्यावर ऊन पाण्याचे झरे उसळत होते. गावाने कागोशिमाच्या वेधशाळेकडे पुनःपुन्हा विचारणा केली. साकुराजिमाचा उद्रेक होणार नाही असे उत्तर मिळाले. त्या उत्तरावर विसंबून गावाच्या प्रमुखाने लोकांना घाबरू नका, गाव सोडू नका असे सांगितले. थोड्याच वेळात डोंगर फुटला. ज्यांनी जाणत्यांवर विश्वास ठेवला होता त्यांनाच शेवटी समुद्रात उड्या टाकाव्या लागल्या, आणि त्यांत गावकारभारातील माणसेही दगावली. यावरून लेखाने जो उपदेश काढला आहे तो असा की, या बेटाचा उद्रेक पुन्हा होणार हे इतिहासावरून निश्चित आहे. म्हणून रहिवाशांनी सिद्धांतावर विसंबू नये, विपरीत काही दिसताच प्रथम निघण्याची तयारी करावी आणि संकट केव्हाही येईल हे जाणून एरवीही काटकसरीने राहावे.

जपानात या शिळेला पुढे विज्ञानावरील अविश्वासाचे स्मारक असेच नाव पडले. ज्वालामुखीविज्ञानाच्या इतिहासात तिचा उल्लेख बहुधा दोन प्रकारांनी केला जातो. काहींच्या मते ती अपुऱ्या साधनांच्या काळातील एका चुकीची खूण होय. आज शेकडो उपकरणे डोंगराची नाडी पाहत असताना तिचे महत्त्व केवळ ऐतिहासिक उरले आहे. इतरांच्या मते ती दुःखाने विवेक सुटलेल्या ग्रामस्थांचा उद्गार असून शास्त्राच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगी नाही. ही दोन्ही मते अपुरी आहेत. शिलालेखातील आक्षेप अद्यापि जिवंत आहे. किंबहुना ज्वालामुखीविज्ञानाच्या भाकीतशक्तीवर घेतलेल्या आक्षेपांत तोच सर्वांत नेमका आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

प्रथम शब्दांचा विचार करणे अवश्य आहे. मराठीत भाकीत, अंदाज, पूर्वसूचना आणि इशारा हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः त्यांत महत्त्वाचे अंतर आहे. भाकीत या शब्दाला ज्योतिषाचा वास आहे. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक घडेल असे निःसंदिग्ध विधान त्यात अभिप्रेत असते. अंदाज हा संभाव्यतेचा शब्द आहे. पूर्वसूचना डोंगराकडून येते. इशारा माणसाकडून माणसाला दिला जातो. यांतील पहिल्या दोहोंचा संबंध ज्ञानाशी आहे, तिसरीचा निसर्गाशी आणि चौथ्याचा लोकव्यवहाराशी. ज्वालामुखीच्या भाकिताविषयी जे वाद माजले, त्यांतील बरेचसे या चार गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळे माजलेले आहेत.

ज्वालामुखी हा शब्ददेखील दिशाभूल करणारा आहे. ज्वालेचे मुख असे त्याचे वर्णन; आणि कांगड्याचे ज्वालामुखी देवस्थान तर खडकातून निघणाऱ्या नैसर्गिक वायूच्या ज्योतींसाठी प्रसिद्ध आहे, तेथे ज्वालामुखी पर्वत नाहीच. परंतु खऱ्या ज्वालामुखीने जी माणसे मारली, त्यांत ज्वालेने वा वाहत्या लाव्हाने मेलेली थोडी. तप्त राख व वायू यांचे डोंगरउतारावरून धावणारे लोट, बर्फ वितळून निर्माण होणारे चिखलाचे पूर, राखेच्या भाराने खचणारी छपरे आणि समुद्राच्या लाटा हे खरे मारेकरी होत. ८ मे १९०२ रोजी मार्तिनिक बेटावरील सेंट पिएर हे शहर माँ पेलेच्या तप्त लोटाने काही मिनिटांत नष्ट झाले आणि सुमारे २८,००० माणसे मृत्युमुखी पडली. त्यापूर्वी कित्येक दिवस डोंगर धुमसत होता, राख पडत होती. पूर्वसूचनांचा तोटा नव्हता. परंतु लाव्हा दऱ्यांतून वाहील आणि दऱ्यांपासून दूर असलेले शहर सुरक्षित राहील, अशी तत्कालीन समजूत होती. जो प्रकार घडणार होता त्याला शास्त्रात अद्याप नावच नव्हते. ते आल्फ्रेद लाक्र्वा यांनी पुढे केलेल्या अभ्यासातून रूढ झाले. तात्पर्य, उद्रेक केव्हा होईल हे सांगण्याआधी, काय होईल हे कळावे लागते. कालाचे भाकीत हे प्रकाराच्या ज्ञानावर उभे असते.

३

ज्वालामुखीविज्ञानाची उभारणी दोन पायांवर झाली आहे. एक पाय इतिहासाचा. डोंगराच्या अंगावर साचलेल्या थरांवरून तो पूर्वी किती वेळा, किती जोराने आणि कोणत्या दिशेला फुटला हे वाचता येते. अमेरिकेतील सेंट हेलेन्स पर्वताच्या थरांचा अभ्यास करून क्रँडेल आणि मुलिनो यांनी, हा ज्वालामुखी कदाचित शतक संपण्यापूर्वीच जागा होईल, असे १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले होते. १९८० साली तो जागा झाला. दुसरा पाय निरीक्षणाचा. १८४१ साली नेपल्सजवळ व्हेसुव्हियस वेधशाळेची स्थापना झाली. ही जगातील पहिली ज्वालामुखी वेधशाळा होय. लुईजी पाल्मिएरी यांनी तेथे विद्युच्चुंबकीय भूकंपलेखक बसविला, आणि १८७२ सालच्या उद्रेकात ते वेधशाळा न सोडता नोंदी घेत राहिले. सेंट पिएरच्या संहाराने अस्वस्थ झालेल्या टॉमस जॅगर यांनी १९१२ साली हवाई बेटावर वेधशाळा काढली. डोंगराला भेट देऊन परत जाणे पुरेसे नाही, त्याच्या सान्निध्यात वर्षानुवर्षे राहिले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

या निरीक्षणामागील कार्यकारणभाव सरळ आहे. शिलारस वर चढू लागला म्हणजे आजूबाजूचा खडक फुटतो आणि लहान लहान भूकंपांचे थवे उठतात. शिलारसाला जागा करून देताना जमीन फुगते, तिचा उतार बदलतो. दाब कमी झाल्यावर त्यात विरघळलेले वायू सुटतात आणि सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण वाढते. भेगांतून द्रव व वायू हलू लागले म्हणजे मंद गतीचे, दीर्घ आवर्तनाचे कंप उमटतात. हे सर्व मोजता येते. उपग्रहांमुळे आता जमिनीची काही सेंटिमीटरांची हालचालही दूरवरून कळते. यापुढे जाऊन, कंपांचा वा हालचालीचा वेग कोणत्या प्रमाणात वाढत आहे यावरून फुटण्याचा क्षण काढण्याचे गणितही बॅरी व्हॉइट यांनी १९८८ साली मांडले. भाराखाली वाकणारा पदार्थ मोडण्यापूर्वी अधिकाधिक वेगाने वाकतो, या साध्या अनुभवाचे ते शास्त्रीय रूप होय.

परंतु येथेच शंकेला जागा आहे. वरील कार्यकारणसाखळी एका दिशेने खरी आहे, उलट दिशेने नाही. शिलारस वर आला तर ही लक्षणे दिसतात; परंतु लक्षणे दिसली म्हणजे शिलारस पृष्ठभागापर्यंत येईलच असे नाही, आणि लक्षणे दिसली नाहीत म्हणजे उद्रेक होणारच नाही असेही नाही. तर्कशास्त्राचा प्राथमिक विद्यार्थीही हा भेद जाणतो. साकुराजिमाच्या वेळी वेधशाळेने केलेली चूक अपुऱ्या उपकरणांची होती हे खरे. परंतु तिच्या मुळाशी हीच तर्काची चूक होती. डोंगराखालीच भूकंप होत आहेत असे आपल्या उपकरणावरून सिद्ध होत नाही, एवढेच वेधशाळेला म्हणता आले असते. तिने म्हटले ते मात्र उद्रेक होणार नाही असे. पुराव्याचा अभाव हा अभावाचा पुरावा म्हणून ग्रामस्थांच्या हाती पडला.

४

आता यशस्वी गणल्या गेलेल्या उदाहरणांकडे वळावे. जपानच्याच होक्काइदो बेटावरील उसू या ज्वालामुखीविषयी, उसूचा डोंगर खोटे बोलत नाही, अशी म्हण आहे. त्याच्या ऐतिहासिक उद्रेकांपूर्वी जाणवण्याजोगे भूकंप झालेले आहेत. १९१० साली भूकंप सुरू होताच पोलिसांनी हजारो लोकांना हलविले. २००० सालच्या मार्चअखेरीस भूकंपांचे सत्र सुरू होताच होक्काइदो विद्यापीठातील ओकादा यांच्यासारख्या अभ्यासकांनी उद्रेक जवळ आल्याचे सांगितले, दहा हजारांहून अधिक लोक बाहेर काढले गेले, आणि ३१ मार्चला डोंगर फुटला तेव्हा एकही माणूस दगावला नाही. हे यश निर्विवाद आहे. तथापि ते उसूच्या स्वभावज्ञानाचे यश आहे, सर्वसामान्य नियमाचे नव्हे. जुन्या वैद्याला एका घराण्याची प्रकृती ठाऊक असावी तसे हे ज्ञान आहे. दुसऱ्या घरी ते जसेच्या तसे लागू पडेल अशी हमी नाही.

फिलिपीन्समधील पिनातुबोचे उदाहरण याहून मोलाचे आहे, कारण त्या डोंगराला लिखित इतिहासच नव्हता. सुमारे पाचशे वर्षे तो निद्रिस्त होता. २ एप्रिल १९९१ रोजी तेथे बाष्पस्फोट झाले. रायमुंदो पुनोंगबायान यांच्या नेतृत्वाखालील फिलिपीन्सची ज्वालामुखी संस्था आणि ख्रिस न्यूहॉल प्रभृती अमेरिकन अभ्यासक यांनी दोन महिन्यांत भूकंपलेखकांचे जाळे उभारले, जुने थर वाचून धोक्याचा नकाशा केला आणि पाच पायऱ्यांची इशाऱ्याची पद्धत ठरविली. मेच्या मध्यास दिवसाला सुमारे ५०० टन असलेले सल्फर डायऑक्साइडचे उत्सर्जन मेअखेर ५,००० टनांवर गेले. त्यानंतर ते एकाएकी घटले. या घटीचा अर्थ काय? शिलारस थंडावला, असाही एक अर्थ होता. वाट बुजून आत दाब वाढत आहे, असाही दुसरा. अभ्यासकांनी दुसऱ्या अर्थाची भीती धरली. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात इशारा टप्प्याटप्प्याने सर्वोच्च पायरीवर नेण्यात आला, १० जूनला क्लार्क हवाई तळ रिकामा झाला, आणि १५ जूनला विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक घडला. किमान ५,००० लोकांचे प्राण वाचले असावेत असा नंतरचा हिशेब आहे.

या यशाचे विश्लेषण केले असता तीन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की, कोणत्याही एका लक्षणाने निर्णय दिला नाही; वायूच्या लक्षणाने तर उलटीच साक्ष दिली असती. दुसरी अशी की, संदिग्ध लक्षणाचा अर्थ लावताना अभ्यासकांनी अधिक घातक शक्यतेला अधिक वजन दिले. हा निर्णय निव्वळ शास्त्रीय नव्हता, तो नैतिक होता. तिसरी अशी की, भाकिताच्या कक्षेबाहेरही मृत्यू होता. उद्रेकाच्याच दिवशी युन्या नावाचे वादळ तेथे येऊन थडकले, पावसाने भिजलेली राख जड झाली आणि छपरे कोसळून शेकडो माणसे मेली. पुढे निर्वासितांच्या छावण्यांत रोगराईने आणखी बळी घेतले, आणि त्यांत डोंगरावर राहणारे आएता आदिवासी फार होते. डोंगराविषयीचे विधान अचूक ठरूनही माणसांविषयीचे उत्तरदायित्व अपुरे राहू शकते.

शांततेचा अर्थ उलटा लागण्याचे दुसरे उदाहरण कोलंबियातील गालेरास या ज्वालामुखीचे. १४ जानेवारी १९९३ रोजी एका शास्त्रीय परिषदेनिमित्त विवरात उतरलेले सहा शास्त्रज्ञ आणि तीन प्रवासी अचानक झालेल्या स्फोटात ठार झाले. डोंगर तेव्हा बराचसा शांत भासत होता. आधीच्या दिवसांत स्क्रूच्या आकाराची लेखाकृती उमटविणारे थोडेसे दीर्घ आवर्तनाचे कंप नोंदले गेले होते. बुजलेल्या वाटेखाली दाब वाढत असल्याचे ते चिन्ह होते, ही गोष्ट घटनेनंतर सर्वमान्य झाली. येथे बळी गेले ते अज्ञ ग्रामस्थ नव्हते, शास्त्रज्ञच होते. यावरून एवढे तरी दिसते की साकुराजिमाची चूक ही केवळ १९१४ सालच्या साधनांची चूक नव्हती.

५

ज्वालामुखीविज्ञानाला याच्या उलट दिशेनेही दोष दिला जातो. ग्वादलूप बेटावरील ला सूफ्रिएर या ज्वालामुखीने १९७६ सालच्या जुलैत बाष्पस्फोट सुरू केले. ऑगस्टच्या मध्यास सुमारे ७२,००० लोकांना घरे सोडावी लागली आणि ते कित्येक महिने बाहेर राहिले. हारून ताझिएफ यांचे म्हणणे असे की, हे केवळ भूगर्भातील तापलेल्या पाण्याचे स्फोट असून शिलारसाचा त्यात संबंध नाही, सबब लोकांना हलविणे अनाठायी आहे. क्लोद आलेग्र आणि त्यांच्या बाजूचे अभ्यासक धोका पत्करण्यास तयार नव्हते. राखेत सापडलेले काचेचे कण ताज्या शिलारसाचे की जुन्या खडकाचे, एवढ्या सूक्ष्म प्रश्नावर हजारो कुटुंबांचे भवितव्य अवलंबून होते, आणि तो वाद वृत्तपत्रांतून जाहीरपणे खेळला गेला. मोठा उद्रेक झाला नाही. ताझिएफ यांचा अंदाज खरा ठरला, असे सर्वसाधारण मत पडले.

परंतु हे मत चिकित्सेला कितपत टिकते? नंतरच्या अभ्यासकांपैकी काहींनी १९७६ च्या घटनेचा अर्थ, वर चढून अर्ध्यावर थांबलेला शिलारस, असा लावला आहे. तसे असेल तर धोक्याची शक्यता खरी होती. ती फळास आली नाही एवढेच. नेपल्सजवळील कांपी फ्लेग्रेई येथेही १९८२ ते १९८४ या काळात जमीन सुमारे १.८ मीटर उचलली गेली, पोत्सुओली गावातील सुमारे ४०,००० लोक हलविले गेले, आणि उद्रेक झाला नाही. अशा इशाऱ्यांना खोटे म्हणण्याचा प्रघात आहे. संभाव्यतेचे विधान एका घटनेने खोटे पडत नाही, हे येथे विसरले जाते. दहात तीन शक्यता आहे असे म्हटल्यावर उद्रेक न होणे हेच अधिक संभवनीय असते; तरीही तीन शक्यतांसाठी लोकांना हलविणे पूर्णपणे विवेकाचे असू शकते.

येथे एक गंभीर प्रतिवाद संभवतो, आणि तो टाळणे योग्य होणार नाही. उद्रेक झाला तरी विधान खरे, न झाला तरी विधान खोटे नाही, अशी स्थिती असेल तर अशा विधानाला शास्त्र कसे म्हणावे? ज्योतिषीही असेच बोलतो. या आक्षेपाला एकच उत्तर आहे, आणि ते अंशतःच समाधानकारक आहे. संभाव्यतेची विधाने एकेकटी तपासता येत नाहीत, समूहाने तपासता येतात. ज्या ज्या वेळी दहात तीन म्हटले, त्यांपैकी सुमारे तीन दशांश वेळा ते घडले काय, हे पाहावे लागते. याकरिता विधान घटनेपूर्वी, आकड्यांत आणि कारणांसह नोंदलेले असले पाहिजे. सेंट हेलेन्सवर १९८० च्या महास्फोटानंतर १९८६ पर्यंत लाव्हाचा घुमट टप्प्याटप्प्याने वाढत गेला. त्यांतील बहुतेक टप्पे आधी सांगता आले, कारण तोच प्रकार पुनःपुन्हा घडत होता आणि प्रत्येक वेळी अंदाज पारखता येत होता. उलट त्याच पर्वताच्या १८ मे १९८० च्या महास्फोटापूर्वी उत्तर बाजू रोज दीडदोन मीटर फुगत असल्याचे मोजले जात असूनही नेमका दिवस सांगता आला नाही, स्फोट आडव्या दिशेने एवढा विस्तीर्ण प्रदेश व्यापील असे अपेक्षित नव्हते, आणि ५७ माणसे मेली. पहाऱ्यावर असलेले तरुण ज्वालामुखीशास्त्रज्ञ डेव्हिड जॉन्स्टन हे त्यांपैकी एक. मोठे उद्रेक एकाच डोंगरावर शतकाशतकांनी होतात. ज्यांच्याविषयी जाणून घेण्याची निकड सर्वांत अधिक, त्यांच्याविषयीचे अंदाज पारखण्याची संधी सर्वांत कमी, ही या शास्त्राची मूलभूत अडचण होय. कोणत्याही उपकरणाने ती दूर होणारी नाही. अनेक डोंगरांच्या नोंदी एकत्र करूनच ती थोडीफार सौम्य करता येईल.

६

ज्ञान असूनही संहार झाल्याचे उदाहरण नेवादो देल रुइसचे आहे. कोलंबियातील या हिमाच्छादित ज्वालामुखीच्या धोक्याचा नकाशा १९८५ सालच्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाला होता, आणि आर्मेरो हे गाव चिखलाच्या पुराच्या वाटेत येते हे त्यात स्पष्ट होते. १८४५ साली असाच पूर त्याच जागेवरून गेलेला होता. १३ नोव्हेंबरला दुपारी राख पडू लागली. तथापि लोकांना शांत राहण्यास, घरात थांबण्यास सांगण्यात आले. रात्री नऊच्या सुमारास झालेला उद्रेक आकाराने मोठा नव्हता, परंतु त्याने बर्फ वितळविले, आणि सुमारे अडीच तासांनी चिखलाचा लोट आर्मेरोवर आला. एकंदर मृतांची संख्या सुमारे २३,००० होती. चढावावर जाऊन उभे राहण्यास तेवढा अवधी पुष्कळ होता. येथे अंदाज चुकला नाही; अंदाजाचे इशाऱ्यात रूपांतर झाले नाही. अनिश्चित धोक्यासाठी निश्चित खर्च करण्याची कोणाची तयारी नव्हती.

आर्मेरो आणि साकुराजिमा यांत वरवर पाहता विरोध आहे. एके ठिकाणी जाणते चुकले, दुसऱ्या ठिकाणी जाणत्यांचे ऐकले गेले नाही. परंतु दोहोंत माणसांना प्रत्यक्ष मारणारे वाक्य एकच आहे: घाबरू नका, येथेच थांबा. साकुराजिमाच्या शिलालेखाचे खरे लक्ष्य हेच वाक्य आहे. तो लेख काळजीपूर्वक वाचला तर असे दिसते की, त्यात निरीक्षणाचा धिक्कार नाही. उलट विपरीत लक्षणांकडे लक्ष ठेवा असे त्यात सांगितले आहे. त्यात पूर्वानुभवाचाही धिक्कार नाही. इतिहासावरून पुढील उद्रेक निश्चित आहे, हे अनुमान त्याने स्वतःच काढले आहे. इतिहास आणि निरीक्षण हे ज्वालामुखीविज्ञानाचे दोन्ही पाय त्याला मान्य आहेत. अमान्य आहे ती एकच गोष्ट: अपुऱ्या ज्ञानातून निघालेले निर्धास्त आश्वासन. विज्ञानावरील अविश्वासाचे स्मारक हे नाव म्हणूनच त्या शिळेवर अन्याय करणारे आहे.

हा आक्षेप आजही लागू आहे याचे प्रमाण जपानच्याच ओंताके पर्वताने दिले. २७ सप्टेंबर २०१४ रोजी, शरद ऋतूतील सुट्टीच्या दिवशी, माथ्यावर गिर्यारोहकांची गर्दी असताना तेथे बाष्पस्फोट झाला आणि ६३ माणसे मृत वा बेपत्ता झाली. त्या महिन्याच्या १० व ११ तारखांना लहान भूकंपांची संख्या वाढलेली नोंदली गेली होती. परंतु जमीन फुगल्याचे दिसले नाही म्हणून इशाऱ्याची पायरी पहिलीच ठेवण्यात आली. कंपाची निर्णायक नोंद स्फोटापूर्वी सुमारे अकरा मिनिटे आणि जमिनीच्या उताराची सुमारे सात मिनिटे आधी झाली. शिलारस वर न येता केवळ पाण्याची वाफ होऊन होणाऱ्या अशा स्फोटांना दीर्घ पूर्वसूचना नसते. ९ डिसेंबर २०१९ रोजी न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर अशाच स्फोटात २२ माणसे दगावली. हे शास्त्राचे वैगुण्य आहे, अपराध नव्हे. परंतु ओंताकेच्या वेळी पहिल्या पायरीला जे नाव होते ते विचार करण्यासारखे आहे. त्या पायरीला अधिकृतपणे ‘नेहमीची स्थिती’ असे म्हणत असत. संहारानंतर, २०१५ साली, ते शब्द काढून टाकण्यात आले, आणि हा जागृत ज्वालामुखी आहे याचे भान ठेवा, अशा अर्थाची शब्दयोजना करण्यात आली. पायरी तीच राहिली. फक्त एक आश्वासन मागे घेतले गेले. हिगाशी-साकुराजिमाच्या ग्रामस्थांनी १९२४ साली जे मागितले होते, ते नव्वद वर्षांनी परिभाषेत आले.

७

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. ज्वालामुखीविज्ञान आज पुष्कळ प्रसंगी अशांततेची चाहूल लावू शकते. काही डोंगरांवर, दीर्घ परिचयानंतर, उद्रेकाचा काळही सांगू शकते. परंतु एखादा जागृत डोंगर अमुक काळात फुटणार नाही, असे छातीठोकपणे सांगण्याचा अधिकार त्याला प्राप्त झालेला नाही. होकारार्थी आणि नकारार्थी भाकिते समबल नाहीत. होकारार्थी भाकीत चुकले तर श्रम, पैसा आणि विश्वास यांची हानी होते. ही हानी क्षुल्लक नाही, कारण वाया गेलेला प्रत्येक इशारा पुढील इशाऱ्याचे बळ कमी करतो. नकारार्थी भाकीत चुकले तर मात्र ते ऐकणाराच उरत नाही. या विषमतेची जाणीव ज्या शब्दांत उमटत नाही, ते शब्द गणिताच्या दृष्टीने निर्दोष असूनही सदोष होत.

याच बरोबर शिलालेखाची मर्यादाही सांगितली पाहिजे. सिद्धांतावर विसंबू नये, हा उपदेश साकुराजिमासारख्या, लक्षणे उघडपणे दाखविणाऱ्या डोंगराच्या पायथ्याशी उपयोगी पडतो. ज्या पिनातुबोने पाच शतके काहीच दाखविले नव्हते, तेथे थरांचा आणि वायूंचा सिद्धांतच लोकांच्या कामी आला. आर्मेरोच्या लोकांना डोंगर दिसतही नव्हता. पूर किती वेळात येईल हे त्यांना नकाशाच सांगू शकत होता. केवळ डोळ्यांवर विसंबणे हे केवळ उपकरणावर विसंबण्याइतकेच अपुरे होय. साकुराजिमावर १९६० पासून क्योतो विद्यापीठाची वेधशाळा अखंड नोंदी घेत आहे, आणि त्याच डोंगराच्या परिसरात दरवर्षी जानेवारीत लोकांना हलविण्याची तालीमही होते. शिलालेख आणि वेधशाळा यांनी परस्परांना खोटे ठरविलेले नाही. दोघांनी एकमेकांची उणीव भरून काढली आहे.

भारतीय अभ्यासकांना हा प्रश्न दूरचा वाटण्याचा संभव आहे. भारतात जागृत ज्वालामुखी एकच, अंदमानातील बॅरन बेटावरचा. दीड शतकाहून अधिक काळ शांत राहून तो १९९१ साली पुन्हा जागा झाला, आणि तेथे वस्ती नाही. महाराष्ट्रातील भूशास्त्राचा विद्यार्थी ज्या काळ्या कातळावर उभा राहून शिकतो, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांचा थंड अवशेष आहे. त्याच्याविषयी भाकीत करण्याचा प्रसंग नाही, फक्त वाचन करावयाचे आहे. परंतु नकारार्थी विधानाचा मोह केवळ ज्वालामुखीपुरता नाही. दख्खनचा हा कातळ भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे, अशी समजूत १९६७ सालच्या कोयनेच्या आणि १९९३ सालच्या किल्लारीच्या भूकंपांपूर्वी बाळगली जात होती. त्या दोन्ही प्रसंगी तिची किंमत मोजावी लागली. आपल्या पुराव्याने काय सिद्ध होते हे सांगण्याची शिस्त विद्यापीठांतून शिकविली जाते. त्याने काय सिद्ध होत नाही, हे तितक्याच स्पष्टपणे आणि सामान्य माणसाला कळेल अशा शब्दांत सांगण्याची शिस्त मात्र अद्याप अभ्यासक्रमाचा भाग झालेली नाही. ती व्हावी, एवढीच त्या शिळेची मागणी आहे, आणि ती शास्त्रीय आहे.